हिरव्या लुगड्याचा बोळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मक्याला पाणी पाजलं. त्यात विशेष काही नव्हतं. कालव्याच्या चारीला पाणी आलं होतं, आमची पाळी होती, मका गुडघ्याच्या वर आला होता. मी खोरं घेऊन दाऱ्यावर आणि ती सरीच्या त्या टोकाला. दारं म्हणजे चारीच्या बांधाला पाडलेली वाट, तिथून पाणी वावरात येतं. पाणी सरीच्या टोकाला पोचलं की ती तिकडून ओरडायची, "बंतु!" मग मी ती सरी बुजवायची आणि पुढची फोडायची.

बंतु म्हणजे आलं. तिचं माहेर अक्कलकोटच्या खाली, कानडी मुलखात. लग्न होऊन आली तेव्हा मराठीत एवढंच यायचं, व्हय आणि न्हाय. पुढं सगळं शिकली. माझ्याशी भांडायची ती मराठीतूनच. पण पाणी आलं, एष्टी आली, लाइट आली की तोंडातून निघायचं बंतु. वावरातली हाक तर शेवटपर्यंत तीच राहिली.

त्या दिवशी ती किती वेळा ओरडली ते माझ्या ध्यानात नाही. ध्यानात ठेवायचं काही कारण नव्हतं. मला वाटलं, पुढच्या पाळीला परत ओरडंल.

त्याच दिवशी संध्याकाळी ती गेली.

ते सांगतो, पण आधी कालव्याचं सांगतो. कालवा सोडून आमच्या दोघांचं काही सांगायला गेलं तर दोन ओळीत संपतं.

कालवा खणला तेव्हा आम्ही दोघं त्याच्यावर कामाला होतो. दुष्काळ होता, वावरात नुसती ढेकळं. सरकारनं काम काढलं म्हणून अख्खं गाव टिकाव-पाट्या घेऊन तिथं. आमचं लग्न नवं होतं. घरात माझे आईबाप, भाऊ, बहिणी, बायकोशी बोलायची सोय नव्हती. चहाचा कप द्यायचा तरी ती उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. कालव्यावर मात्र दिवसभर समोर. मी पाटी भरायची, उचलून तिच्या डोक्यावर द्यायची. तेवढ्यात एक शब्द व्हायचा. पुढच्या पाटीला दुसरा. असं करत करत एका दिवसात एखादं बोलणं पुरं व्हायचं. लोक दुष्काळाचं नाव काढलं की डोळे पुसतात. मला खोटं बोलता येत नाही, माझे ते दिवस सुखाचे गेले.

दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची, गोड पिठाची. तिच्या वाटची अर्धी ती पदराला बांधून ठेवायची आणि जाताना मला द्यायची. मी खायचो. आता वाटतं खायला नको होती. पण भूक लागायची.

कालवा आमच्या वावरातूनच गेला. अर्धं वावर अलीकडं, अर्धं पलीकडं. खणून झाला, तळाला आणि दोन्ही अंगाला सिमेंट झालं, फाटे निघाले, फाट्यांच्या चाऱ्या निघाल्या. सगळं झालं, फक्त पाणी आलं नाही. वर कुठं काम अडलंय म्हणायचे. आज सुटंल, औंदा सुटंल. आमची मुलगी झाली, तिच्या पाठीवर मुलगा झाला, ती दोघं शाळेत जायला लागली, तरी कालवा कोरडा.

गाव कुठली जागा रिकामी सोडत नाही. मंद्रूपच्या बाजाराला बैलगाडी कालव्यातून घातली की सगळी वळणं वाचायची. वराती कालव्यातून निघायच्या, कारण वाजंत्र्यांचा आवाज दोन्ही भिंतींना लागून दुप्पट व्हायचा. आमची मुलगी सायकल शिकली ती कालव्यातच. पडली तरी कुठं जाणार? आणि आम्ही काही जण सुगीत तिथं खळं करायचो. तळ गुळगुळीत, खडा नाही, माती नाही, आणि वारा तर नळीतून आल्यासारखा सरळ यायचा. उफणायला इतकी चांगली जागा मी दुसरी बघितली नाही.

एका साली ज्वारी चांगली पिकली. कालव्यात रास पडली. त्या आठवड्यात चावडीवर कागद लावला होता, की चाचणीचं पाणी सोडणार, कालव्यात कुणी जाऊ नये. असे कागद आम्ही लई बघितले होते. माझा चुलतभाऊ तो कागद वाचून आला आणि म्हणाला, "दादा, पाणी येनार म्हनं."

मी म्हटलं, "येऊ दे की. रास भरून झाली की येऊ दे."

हा चुलतभाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याचं वावर आमच्या खाली, चारीच्या अगदी शेवटाला. त्याच्या पुढं ओढाच. हा माणूस ध्यानात ठेवा.

दुपारी ती भाकरी घेऊन कालव्याच्या काठावर आली आणि तिथूनच ओरडायला लागली, "बंतु! बंतु!"

मी खालून विचारलं, "कोन आलं?"

तिला मराठी सुचंना. हात नुसता वर करून दाखवत होती. वळून बघितलं तर लांबून तपकिरी काठ सरकत येत होता. पुढं पाला, काटक्या, चिपाडं आणि मुंग्यांचे गोळेच्या गोळे. पाणी असं येतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं पाणी पाण्यासारखं येतं.

बैल वर काढले. भरलेली पोती जेवढी हाताला लागली तेवढी ओढली. चुलतभाऊ एका पोत्याला मिठी मारून बसला तो पोत्यासकट निघाला. पार खालच्या मोरीपर्यंत गेला. तिथं लोकांनी त्याला बाहेर काढला तरी पोतं सोडंना. आमची अर्धी रास गेली. मी काठावर उभा राहून सरकारला, कागद लावणाऱ्याला आणि कालव्याला शिव्या देत होतो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पदरानं दाणे गाळत होती. आणि हसत होती.

"ज्वारी गेली की गं!"

"जाऊ द्या की. पानी बगा की तुमी!"

पंधरा दिवसांनी बघतो तर चारीच्या दोन्ही अंगांनी, कुणाच्या कुणाच्या बांधावर, आमची ज्वारी उगवली होती. लोक हाक मारून सांगायचे, "तुमची ज्वारी आलीय, काडून न्या." पार ओढ्यापर्यंत हिरवी रांग. ती मुद्दाम चालत जाऊन बघून यायची.

मग बरे दिवस आले. गावात ऊस आला, पत्र्याची घरं जाऊन स्लॅबची आली, ज्याला त्याला मोटारसायकल. आम्हीही घर बांधलं. कालव्याला बारा महिने ओल असायची, काठावर बगळे. बायका धुणं कालव्यावर धुवायच्या आणि तिथंच निम्म्या गावाचे निकाल लागायचे. ती वर्षं भराभर गेली. सुखाची वर्षं सांगायला गेलं की हाताला काही लागत नाही.

पुढं पाणी कमी यायला लागलं. वरच्या अंगाला लोकांनी कालव्यात पाइप टाकले, मोटारी बसवल्या. वरची माणसं वाईट नव्हती. दारासमोरून पाणी चाललंय म्हटल्यावर माणूस ओंजळ घालतोच. मीसुद्धा तेच केलं असतं. आणि पुढं केलंच, ते सांगतो. तर आमच्या शेपटाकडं पाणी पोचंना. चारीत वेड्या बाभळी उगवल्या, सिमेंट फुगून फुटलं, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या. कुणी कुणी चारीत उकिरडा केला. मुलगा पुण्याला कामाला गेला, मुलगी कुर्डुवाडीला दिली होती. आम्ही दोघंच राहिलो आणि दोघांना पुरंल एवढं पिकत होतं.

मग कधीतरी चारीवरच्या सगळ्यांनी बसून ठरवलं, की भांडून पाणी मिळत नाही, पाळी लावू. ज्यानं त्यानं आपल्या वावरापुढची चारी साफ करायची. ज्याची पाळी त्यानंच दारं उघडायचं आणि पाळी सरली की त्यानंच बुजवायचं, म्हणजे पाणी खालच्याला जाईल. आमची पाळी दुपारपासून दुसऱ्या दिवशी दिवस उगवेपर्यंत. दिवस उगवला की चुलतभावाची. त्याच्यानंतर कुणी नाही.

दारं बुजवायला लोक चिखलाची पोती वापरायचे. पोतं कुठून तरी झिरपतंच. तिनं काय केलं, तिचं एक जुनं हिरवं लुगडं घेतलं, त्यात कुंदा गवत भरलं, काथ्यानं आवळलं आणि बोळा केला. मोठ्या कलिंगडाएवढा. तो दाऱ्यात घालून आधी टाचेनं दाबायची, मग चवड्यानं. वरून दोन खोरी चिखल. थेंब जायचा नाही. लांबून हिरवं दिसलं की खालच्याला कळायचं, पाणी आता आपलं.

एका साली उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी फारच कमी होतं. माझा कांदा अर्धा भिजला होता. ती बोळा लावून घरी गेली, आणि मी तिच्या माघारी बोळ्यातलं गवत उपसून काढलं. नुसत्या लुगड्यातून काय थांबणार? पाणी दिवसभर माझ्या वावरात झिरपत राहिलं. चुलतभावाच्या वाट्याला चारीत बोटभर ओल गेली. त्याचाही कांदा होता. वाळला.

तो भांडायला आला. मी म्हटलं, वरूनच कमी आलं. बैठक बसली देवळापुढं. मला विचारलं, मी पिंडीकडं हात करून शपथ घेतली, की मी दाऱ्याला हात लावला नाही. देवाची खोटी शपथ. लोकांना पटली पण होती. तेवढ्यात ती बायकांच्यातून उठली आणि म्हणाली, "ह्येंनीच केलंया. गवत म्या बांधावर बगितलं."

एक म्हातारा म्हणाला, "पोरी, नवरा हाय न्हवं तुजा?"

"हाय की. म्हनून तर लाज वाटाय लागली."

आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला काही फरक पडला नाही. ती म्हशीशी बोलायची, मला ऐकू जाईल असं. "काय गं, मालक बोलंना व्हय तुजा? कांदं मोजत असंल." नवव्या दिवशी मला हसू आलं आणि ते संपलं. पण चुलतभावानं माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तिच्याशी बोलायचा, "वैनी, वैनी" करायचा, आमच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा, आणि मी आलो की उठून जायचा. बरीच वर्षं गेली अशी. त्या बैठकीपासून बोळा तिनं माझ्या हाताला लागू दिला नाही. दारं उघडायचं काम माझं, बुजवायचं तिचं. दिवस उगवायच्या आत ती जाऊन बोळा घालून यायची. ताप असला तरी. मी म्हणायचो, मी घालतो की. ती म्हणायची, "तुमी चा ठेवा."

मला राग यायचा, पण ती बरोबर होती. आणि चहा मी चांगला करतो.

अलीकडं एक साहेब आला होता. जवान पोरगा, हातात पाटीएवढा मोबाइल. म्हणाला, आजोबा, आता उघडी चारी राहणार नाही, जमिनीतून बंद पाइप येणार, शेतात नुसता व्हॉल्व्ह. तिनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "त्याला बोळा लागंल का न्हाय?"

तो म्हणाला, "नाही आजी, चावी फिरवायची."

"आन चावी कुनाकडं?"

तो मोबाइलात बघायला लागला. तो गेल्यावर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "चावी तुमच्याकडं न्हाय, येवडं नक्की."

पाइप येईल तेव्हा येईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाणी वाया तरी जाणार नाही. आम्ही खणलं ते काही कायम राहायला खणलं नव्हतं, पोटाला मिळावं म्हणून खणलं होतं.

तर त्या दिवशी मका भिजून झाला तेव्हा दिवस मावळायला होता. उरलेल्या पाळीचं पाणी मी विहिरीत सोडलं. ती सरीच्या टोकाकडून चालत आली, बोळा झाडाखालून आणून दाऱ्याशेजारी बांधावर ठेवला, सकाळी हाताशी असावा म्हणून. घरी आलो. तिनं पाय धुतले. उंबऱ्यावर बसून बोटांच्या सांदीतला चिखल काडीनं काढत होती. म्हणाली, "चा ठेवा, जरा टेकते." मी चूल पेटवली. चहा घेऊन आलो तर भिंतीला टेकलेली, काडी हातातच. मंद्रूपहून डॉक्टर आला, त्यानं हात धरून बघितला आणि खाली ठेवला. म्हणाला, हृदय थांबलं. मी म्हटलं, ते दिसतंय.

मुलगा पुण्याहून, मुलगी कुर्डुवाडीहून येईपर्यंत ठेवायचं ठरलं. सकाळी अंगण माणसांनी भरलं. मुलगी गळ्यात पडून रडली. मी बसून होतो. चुलतभाऊ सगळ्यांच्या आधी आला होता. माझ्याकडं न बघता अंगणात तिरडीचे बांबू चिरत होता. त्याची बायको आत बायकांच्यात. आमच्यात भावकीतलं माणूस गेलं की माती होईपर्यंत कुणी वावरात खोरं लावत नाही. मग ते भांडणातलं का असंना.

ऊन भिंतीवर आलं आणि माझ्या ध्यानात आलं, दारं उघडंय. पाळी सरली, आणि पाणी माझ्याच विहिरीत चाललंय. मला कुणी काही म्हणणार नव्हतं. बायको मेलेल्या माणसाला पाण्याचा जाब कोण विचारतो? चुलतभावानं तर त्या दिवशी पाण्याचं नावही काढलं नसतं. त्याच्या वांग्याला कळी धरली होती. पुढचं पाणी कधी, ते कुणाला माहीत नव्हतं.

मी उठलो. मुलगी म्हणाली, "आण्णा, कुटं?"

"आलो."

लोकांना वाटलं परसाकडं चाललाय.

बोळा तिनं ठेवला होता तिथंच होता. एका अंगानं वाळलेला. मी दाऱ्यात घातला, तर दोन्हीकडून पाणी निघालं. काढला. काथ्या सोडला, बांधावरचं ओलं गवत उपटून आत कोंबलं, परत आवळला. टाचेनं दाबला, मग चवड्यानं. चिखल ओढला. वाकून बघत बसलो. थेंब यायचा बंद झाला तेव्हा उठलो.

पाणी खाली निघालं. पण त्याचं दारं बंद होतं, म्हणजे पाणी सरळ ओढ्यात. मग चारीच्या कडंनं खाली गेलो. त्याच्या वावरात इतक्या वर्षांनी पाय ठेवला. त्याचं पोतं ओढून काढलं, पहिली सरी फोडली. सरी भरली. टोकाला जाऊन बघून आलो, ती बुजवली, दुसरी फोडली आणि दाऱ्यावर खोऱ्यावर रेलून उभा राहिलो. पाणी सरीतून गेलं. मी उभाच. सरी तुडुंब झाली, पाणी वरंब्यावर चढलं, वरंबा फुटून बाजूच्या वांग्यात शिरलं, तरी मी उभा. मी हाकेची वाट बघत होतो.

मग वरंबा नीट केला. खालच्या पाच-सहा सऱ्यांची तोंडं एकदमच उघडली, म्हणजे माणसाशिवाय पाणी हळूहळू भरत राहील. आणि घरी आलो.

गुडघ्यापर्यंत चिखल. मुलगी म्हणाली, "आण्णा, हे काय? आई हितं अशी आनि तुमी..." मी बादलीजवळ जाऊन पाय धुवायला लागलो. चुलतभावाचा हात बांबूवर थांबला. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. त्या चिखलाला त्याच्या वावरातली पांढरी चुनखडी लागली होती, आमच्या वावराची माती निव्वळ काळी आहे. मग खाली मान घालून बांबू चिरायला लागला आणि चिरता चिरता विचारलं,

"किती सऱ्या झाल्या, दादा?"

"दोन," मी म्हटलं. "दुसरी फुटली."

"फुटू दे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या टोकाला धरायला बांबू माझ्याकडं केला. मी पाय तसेच ओले ठेवून जाऊन धरला.